कोणता सचिन?

मी आठवीत गेलो तेव्हा आमच्या शाळेत आठवीच्याच आठ तुकड्या होत्या. अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. एकेका तुकडीत साठ-पासष्ट पोरं. अ तुकडीत संपूर्ण संस्कृत घेतलेली, वहीला खाकी कव्हर नि कव्हरवर लेबल असलेली मुलं बसत. ह तुकडीत कोण बसत हे अ तुकडीला ठाऊक नसे आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नसे. मी फ मध्ये होतो. फ तुकडी फार सुखाची. तिच्याकडून कुणाची अपेक्षा नाही आणि तिची कुणाला भीतीही नाही.

शाळा दादरची, अनुदानित, मराठी माध्यमाची. म्हणजे जागा एका शाळेची आणि पोरं दोन शाळांची. सकाळ अधिवेशन सुटायचं आणि दुपार अधिवेशन भरायचं ते एकाच जिन्यावरून. संध्याकाळी सहाला दादर स्टेशनच्या पुलावर उलट्या दिशेने चालून बघा, म्हणजे कल्पना येईल. वरून खाली येणारी सातवीतली पोरं, खालून वर जाणारे आम्ही, आणि मध्ये अडकलेल्या चित्रकलेच्या बाई, हातात कोणाचं तरी ओलं स्थिरचित्र. वर्गात पोचेपर्यंत त्या स्थिरचित्रातलं केळं माझ्या शर्टावर आलेलं असे.

पण माझं खरं दुखणं जिना नव्हे. माझं दुखणं म्हणजे माझं नाव.

माझ्या पिढीत मुलगा झाला की नाव शोधायला आईबाप फार लांब जात नसत. संदीप, सचिन, मंगेश, नाहीतर मग योगेश. एकट्या फ तुकडीत आम्ही तीन सचिन होतो. बाई हजेरी घेताना ‘सचिन’ म्हणून श्वास घ्यायला थांबल्या, की तिघं एकदम ‘हजर’ म्हणून ओरडायचे. चौथा आवाज बाहेरच्या व्हरांड्यातून यायचा, अंगठे धरून उभ्या असलेल्या ग तुकडीतल्या सचिनचा. आडनावाने हाक मारावी तर तेही दोघांचं एकच. शेवटी बाईंनी आम्हाला हजेरी क्रमांक दिले. मी सदतीस. वर्षभर मी सदतीसच होतो. मित्रांनी तर त्याचं ‘सद्या’ केलं, आणि शेजारच्या काकू आईला विचारायला लागल्या, “तुमच्या मुलाचं नाव सदानंद का हो?”

यात एक पाय आणखी खोलात गेला तो क्रिकेटमुळे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली होती. त्यातल्या एकाचं नाव सचिन. नोव्हेंबर १९८९ मध्ये तो पाकिस्तानात कसोटी खेळायला उतरला आणि आमच्या पी.टी.च्या सरांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. आमच्या शाळेला मैदान नव्हतं, पी.टी.चा तास शिवाजी पार्कवर व्हायचा. सरांनी सगळ्या तुकड्यांमधले सचिन गोळा केले, जणू नावातच कव्हर ड्राइव्ह असतो. मला पहिल्या चेंडूवर उभं केलं. चेंडू दिसला तो बहुधा शेजारच्या सामन्यातला. तिथे एकावर एक असे इतके सामने चालायचे की आपला फील्डर कुठला हे विचारूनच पळावं लागे. मी तो चेंडू सोडला आणि आमचा स्टंपावर बसला. सर बराच वेळ समुद्राच्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, “तू लेझीम घे.”

असो. खरी गंमत झाली ती पुढे, जानेवारीत.

तिसरा तास, भूगोल. शिपाईमामा सूचनावही घेऊन दारात. सूचनावही आली की वर्गात सुट्टीची आशा उगवते. सरांनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “सचिनला पर्यवेक्षकांनी बोलावलंय.”

“कोणता सचिन?” सरांनीच विचारलं.

मामांनी खांदे उडवले. “सगळेच घेऊन येतो.”

आमच्या वर्गातले दोन सचिन त्या दिवशी गैरहजर होते. गोवर आला की तोही तुकडीवार यायचा. म्हणून फ मधून मी एकटा. मग ड मधून एक, इ मधून एक, ग मधला तो अंगठेवाला. असे आम्ही चौघं पर्यवेक्षकांच्या खोलीत ओळीने उभे राहिलो. पर्यवेक्षक काही लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “का बोलावलंय, ते समजलंच असेल.”

हे वाक्य शिक्षकांना डी.एड.ला शिकवत असावेत. याच्यापुढे भले भले टिकत नाहीत.

ग मधला पहिला फुटला. “सर, काच मी नाही फोडली. बॉल फक्त माझा होता.”

ड मधला म्हणाला, “सर, प्रगतिपुस्तकावरची सही बाबांचीच आहे. म्हणजे, बाबांसारखीच आहे.”

इ मधला रडायलाच लागला. “पी.टी.च्या तासाला मी पार्कवरून परस्पर घरी जातो. पण रोज नाही, सर.”

आता माझी पाळी. माझ्या नावावर तसा काही मोठा गुन्हा नव्हता, पण तिघांनी इतकं दिल्यावर आपण रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं? “सर, प्रयोगशाळेतले लिटमस कागद मी घेतले. लोणचं आम्लधर्मी आहे का ते बघायला.”

पर्यवेक्षकांनी पेन ठेवलं. आमच्याकडे बघितलं. मग खाली वाकून टेबलाखालून नायलॉनची एक पिशवी काढली आणि पिशवीतून स्टीलचा डबा.

“कुणाची तरी आई देऊन गेली. ‘आमच्या सचिनला द्या’ म्हणाली आणि गाडी पकडायला पळाली. कुणाचा आहे?”

त्यांनी झाकण उघडलं. आत कारल्याची भाजी.

खोलीत शांतता पसरली. मी तो डबा ओळखला होता. झाकणावर आजीचं नाव कोरलेलं होतं, माहेरकडून मिळालेल्या भांड्यांवर असतं तसं. पण माझ्या आजीचं नाव शाळेत कोणाला ठाऊक असणार? मी छताकडे बघितलं. बाकीचे तिघं खरोखरच निर्दोष असल्यामुळे माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते.

“कुणाचाच नाही?”

“नाही, सर,” चौघं एका सुरात. शाळेच्या इतिहासात सगळे सचिन पहिल्यांदाच एकमताने बोलले.

डब्याचा प्रश्न तसाच राहिला, पण कबुल्या वाया गेल्या नाहीत. प्रत्येकी दोन छड्या मिळाल्या. शाळेत मारायचं नाही असं सांगणारा शिक्षण हक्क कायदा २००९ चा. आमच्या तळहातांपर्यंत तो वीस वर्षं उशिरा पोचला.

संध्याकाळी आईने विचारलं, “डबा मिळाला ना रे?”

“हो.”

“संपवलास?”

“हो.”

“मग डबा कुठाय?”

“शाळेत राहिला.” हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर नेहमीची चेंगराचेंगरी चालली होती. त्या गर्दीत कोणीतरी मागून कॉलर धरली. बघतो तर शिपाईमामा. हातात माझा डबा, घासून लखलखीत केलेला. त्यांनी आजीच्या नावावरून अंगठा फिरवला, डबा माझ्या दप्तरात कोंबला आणि वर जाणाऱ्या लोंढ्यात मला ढकलत म्हणाले,

“आईला सांग सद्या, कारली झकास होती. गूळ जरा बेताने घालायचा.”