२०७ व्या बारपाशी

"अजून तोच? अगं, किती वर्षं झाली!"

घरच्यांचा हा प्रश्न आता मला तोंडपाठ आहे. खरं सांगायचं तर पीसपेक्षा जास्त पाठ आहे. पीस म्हणजे पियानोवरची रचना, माझ्या बाबतीत पोलिश संगीतकार शोपांचा पहिला बालाड, जी मायनर, ओपस २३. छापला गेला १८३६ साली, एकूण २६४ बार, म्हणजे तालाचे छोटे खण. माझं चौथं वर्ष चालू आहे. नोकरी, घर, बाकी सगळं उरकून रात्री हेडफोन लावून पाऊण तास, तोही रोज जमतो असं नाही.

पियानो वाजवणाऱ्या हौशी मंडळींच्या गप्पांत एक वाद कायम असतो. आपल्या कुवतीबाहेरचा पीस घ्यावा की घेऊ नये? एक गट म्हणतो, पायरी पायरीने जा, आधी दहा सोपे पीस नीट वाजव. दुसरा म्हणतो, हौसेला मोल नाही, मनात आहे ते उचल आणि भीड. मी दोन्ही करून पाहिलंय. माझं मत असं झालंय की हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. पीस अवघड आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही. पियानोवर सोपं काहीच नसतं. विचारायचं ते हे की माझ्या वेगात, म्हणजे मला खरोखर झेपणाऱ्या वेगात, ते संगीत संगीत राहतं का?

हे मला शिकवलं फँटसी-इम्प्रॉम्प्टूने. तोही शोपांचाच. १८३४ च्या सुमाराचा, पण त्याने हयातीत तो छापला नाही. न छापलेलं जाळून टाका असं सांगून गेला होता, तरी फॉन्ताना या त्याच्या मित्राने १८५५ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज जगभरातले हौशी त्याच्यावर तुटून पडतात, मीही पडले. त्यात उजव्या हाताचे चार स्वर डाव्या हाताच्या तीन स्वरांवर बसवायचे असतात. कागदावर हे गणित आहे: बारा भाग करा, कुठला स्वर कितव्या भागावर येतो ते बघा. मी तसं केलं, पेन्सिलीने रेघा मारून. तीन आठवडे टेबलावर बोटं आपटली. बसलं! संथ लयीत दोन्ही हात अगदी बरोबर पडायला लागले, आणि ऐकायला आलं ते बिघडलेल्या शिवणयंत्रासारखं. खट्-खटक्-खट्.

कारण त्या पीसमध्ये एकेक स्वर सुटा ऐकू यावा अशी अपेक्षाच नाही. पूर्ण वेगात चार आणि तीन एकमेकांत विरघळतात, पाण्यावर ऊन हलावं तसं काहीतरी होतं. अर्ध्या वेगात फक्त गणित शिल्लक राहतं. मधला संथ भाग सुंदर आहे, तो मी अजून वाजवते. कडेचे दोन भाग सोडून दिले. लिस्टच्या 'ला कॅम्पानेला'चंही (म्हणजे छोटी घंटा) तेच. त्या लांबलांब उड्या सावकाश मारल्या की घंटा वाजत नाहीत, कोणीतरी कपाटातल्या वस्तू मोजतंय असं वाटतं.

आता मुद्दा वेगाचा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) घ्या, रोज दोन ठोके वाढवा, महिन्याभरात साठ ठोके पुढे जाल. किती सरळ हिशोब! 'शून्यापासून एका वर्षात' छापाच्या व्हिडिओंमध्ये हाच हिशोब दाखवतात. (त्या शून्याबद्दल मला कायम शंका येते. लहानपणीची आठ वर्षं बऱ्याच जणांच्या शून्यात सामावलेली असतात.) मी बालाडच्या शेवटच्या भागावर, कोडावर, हा प्रयोग केला. पहिले काही दिवस झकास. मग डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला बारीक ठणका सुरू झाला. मी तो दुर्लक्षिला, कारण आकडा वाढत होता ना! शेवटी दाराची कडी उघडताना हात थरथरला तेव्हा थांबले. दोन महिने पियानो बंद.

जर्मन संगीतकार शुमानचं उदाहरण पियानोवाल्या सगळ्यांना माहीत असतं. तरुणपणी, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच्या उजव्या हाताचं बोट कामातून गेलं. बोट तयार करायला तो एक यांत्रिक साधन वापरत होता. नेमकं कारण काय यावर डॉक्टर लोक अजून वाद घालतात. पियानोवादक व्हायचं त्याचं स्वप्न संपलं आणि जगाला एक मोठा संगीतकार मिळाला. आपलं बोट गेलं तर जगाला काही मिळणार नाही, एवढाच फरक.

बाईंना (माझ्या पियानोच्या बाई, वय सत्तरच्या पुढे) हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, तिकडे पोचायची तुला कोणी तारीख दिलीय का?"

हे वाक्य मला लागलं. व्यावसायिक कलाकाराला तारीख असते, तिकीट काढून लोक आलेले असतात. त्याने ठरलेल्या वेगात वाजवायलाच हवं. तो वेग त्याच्यावरचं कर्ज आहे, आणि मी विनाकारण त्याचे हप्ते फेडत बसले होते. बाखने १७२३ मध्ये आपल्या इन्व्हेन्शन्सची (सरावाच्या छोट्या पीसची) जी स्वच्छ प्रत केली, तिच्या मुखपृष्ठावर लिहिलंय की हे कळफलकावर प्रेम करणाऱ्यांसाठी आहे, विशेषतः ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी. प्रेम करणारे. आपण ज्याला हौशी म्हणतो तेच. आणि इन्व्हेन्शन्स कोणत्याही वेगात टिकतात. अर्ध्या वेगात तर दोन्ही हातांचं बोलणं जास्तच स्पष्ट ऐकू येतं.

कोणी म्हणेल, राख्मानिनोव्हसारखा मोठा रशियन पियानोवादकसुद्धा सरावात हळूच वाजवायचा. खरंय. चेसिन्स नावाच्या पियानोवादकाने लिहून ठेवलंय की तो दाराबाहेर उभा होता, आत राख्मानिनोव्ह शोपांचा थर्ड्सचा एटयूड (जोडस्वरांचा सरावाचा पीस) घोटत होता, आणि तो इतका संथ चालला होता की कोणता पीस आहे हे ओळखायलाच याला वेळ लागला. पण तो संथपणा पोचण्यासाठीचा होता. मी म्हणतेय तो संथपणा मुक्कामाचा आहे. 'सध्या हळू, पुढे बघू' असं नाही, हाच माझा वेग, याच वेगात आज रात्री हे गाणं गायचंय. यात फार फरक पडतो. पोचायचं असलं की प्रत्येक बार अडथळा वाटतो, मुक्काम करायचा असला की त्या बारमध्ये काय आहे ते दिसायला लागतं.

बालाडच्या सातव्या बारचंच घ्या. सुरुवातीला दोन्ही हात एकच सूर धरून खालून वर चढतात, थांबतात, उसासा टाकल्यासारखं काहीतरी होतं, आणि मग डाव्या हातात एक कॉर्ड (एकदम वाजणारे काही स्वर) येते, तिच्यात ई-फ्लॅट हा स्वर आहे. तो स्वर तिथे खुपतो. इतका खुपतो की काही जुन्या आवृत्त्यांत तो चुकीचा समजून डी छापलेला आहे. रेकॉर्डिंग ऐकताना तो माझ्या कानावरून शेकडो वेळा गेला असेल, कधी अडला नाही. स्वतः बोट ठेवलं तेव्हा अडला. मी तो स्वर दाबून ठेवते, विरेपर्यंत ऐकते, मग पुढे जाते. कुठल्याही मैफिलीत कोणी एवढा वेळ थांबणार नाही. मला कोण अडवतंय?

तर निवड. माझं ऐकाल तर ब्राम्सचा ए मेजर इंटरमेझो घ्या, ओपस ११८ मधला दुसरा. १८९३ साली प्रसिद्ध झाला, त्या संचाची अर्पणपत्रिका क्लारा शुमानच्या (त्या शुमानची बायको, स्वतः पियानोवादक) नावे आहे, तेव्हा ती चौऱ्याहत्तरीच्या घरात होती. त्यात धावपळ नाही. अवघड आहे ते वेगळंच: एकाच हाताच्या करंगळीने गायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने गप्प राहायचं. मधल्या भागात वरची धून आतला आवाज थोड्या अंतराने म्हणतो, तो ऐकू आणायचा. यावर दोन वर्षं सहज जातात आणि एकही दिवस शिवणयंत्र ऐकावं लागत नाही. डेब्यूसीचा 'क्लेअर द ल्यून' लोक सोपा समजून घेतात. पहिल्या पानावर स्वर कमी आहेत म्हणून. इतक्या हळू आवाजात सगळे स्वर एकसारखे उमटवून बघा, मग बोलू.

आणि पाच शार्प, पाच फ्लॅट (काळ्या पट्ट्यांच्या खुणा) बघून पळू नका. शोपां आपल्या विद्यार्थ्यांना पहिली स्केल (ओळीने चढणारे स्वर) शिकवायचा ती बी मेजर, पाचही काळ्या पट्ट्यांची, कारण लांब बोटं काळ्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर आपोआप पडतात. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची सी मेजर तो शेवटी ठेवायचा. वाचायला सोपी, हाताला सगळ्यात अवघड. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वाजवू नका, असंही तो सांगायचा. ही मर्यादा ओलांडायची वेळ माझ्यावर तरी अजून आलेली नाही.

माझ्या मताला एक आडवा पुरावा आहे, तो लपवत नाही. अमेरिकेत व्हॅन क्लायबर्न या पियानोवादकाच्या नावाने हौशींसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९९९ मध्ये सुरू झाली, पस्तीस वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. तिथले डॉक्टर, वकील, इंजिनिअर असे वाजवतात की आपण झाकण लावून झोपायला जावं. म्हणजे पूर्ण वेग हौशीला अशक्य नाही. मान्य. पण त्यातले बरेच जण लहानपणापासून कसून शिकलेले असतात, आयुष्याच्या एका वळणावर दुसरीकडे गेलेले. चाळिशीत परत सुरुवात केलेल्या माणसाने त्यांच्याकडे बघून मेट्रोनोम लावू नये.

आता माझी फजिती. वर जो नियम सांगितला, तो बालाडच्या कोडाला लागू होत नाही. २०८ व्या बारपासून 'प्रेस्टो कॉन फुओको', अतिशीघ्र आणि आग लागल्यासारखं. डावा हात खालच्या स्वरावरून वरच्या कॉर्डवर उडी मारतो, परत खाली, परत वर, आणि उजव्या हाताचा जोर भलत्याच ठिकाणी. डाव्या उड्या मी डोळे मिटून घोटल्यात, अंतर हाताला कळावं म्हणून. दहातल्या आठ नीट पडतात. पण माझ्या वेगात तिथे आग लागत नाही, फार तर धूर होतो. माझ्याच कसोटीवर तो भाग नापास आहे.

बाईंना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "मग नको वाजवूस. २०७ ला थांब. उरलेलं मनात ऐक."

त्या रात्री मी तसंच केलं. सगळं वाजवत आले, ई-फ्लॅट मेजरची ती दुसरी धून, ती मोठ्या कॉर्ड्समध्ये परत येते ते, मग पहिली धून शेवटची परतते, खाली डी घुमत राहतो, आवाज चढत जातो, शोपांने लिहिलंय शक्य तेवढ्या जोरात, आणि २०७ संपला. हात उचलले, पेडल सोडलं, हेडफोन काढला, दिवा घालवला.

अंथरुणावर पडले तरी तो डी कानात होता. घरी जाण्यासाठी निघालेला आणि दारात अडवलेला. पंधरा मिनिटं या कुशीवरून त्या कुशीवर. मग उठले, अंधारातच पट्ट्या चाचपल्या आणि कोडा वाजवला, धुरासकट, माझ्या वेगात, शेवटच्या दोन ऑक्टेव्ह्जपर्यंत. सहा चुका झाल्या. मोजल्या मी.