मेणबत्ती, पालथा पेला आणि चढणारे पाणी : एक खुलासा
सांगली परिसरातील पालकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. बशीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून वर पेला पालथा घातला की आतला ऑक्सिजन जळून संपतो आणि त्याच्या रिकाम्या जागेत, म्हणजे बरोबर एक पंचमांश पेला, पाणी चढते, असे त्यात म्हटले आहे. प्रयोग सुरेख आहे. स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरे, परंतु तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरताच ज्योत विझते, आणि वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. पाणी चढते ते मुख्यतः ज्योतीने तापून फुगलेली हवा नंतर थंड होऊन आकसते म्हणून. मुलांना हे नीट पाहू द्यावे : पाणी जळत्या ज्योतीबरोबर संथपणे नव्हे, तर ती विझू लागताच झपाट्याने वर येते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक चढते, आणि माझ्या मते हा दावा खोडून काढण्यास एवढी एकच कृती पुरेशी आहे. प्रयोगाच्या वेळी मोठ्या माणसाने जवळ थांबावे आणि सैल ओढण्या ज्योतीपासून दूर ठेवाव्यात.