‘बापाच्या गाडीची ओळख’: पेडण्याच्या जीपप्रेमींना उत्तर

नमस्कार.

आमच्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या दुरुस्तीवरच्या लेखाखाली ‘जीपप्रेमी, पेडणे’ या नावाने आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली ती रात्री जेवण झाल्यावर, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. रागाच्या भरात काही लिहायला नको म्हणून चार दिवस जाऊ दिले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं की लेखात इंजिनची सीसी चुकली आहे. पाच गिअरची पेटी, पॉवर स्टिअरिंग आणि पुढे डिस्क ब्रेक बसवल्यावर ती एमएम ५४० राहत नाही आणि अशा कामाला रिस्टोरेशन, म्हणजे गाडी मूळ रूपात आणणं, म्हणू नये. पुढे डिस्क, मागे ड्रम असताना मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) जुनाच आहे का? आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, बदलांची नोंद आहे का? गंज नुसता रंगाखाली झाकला असेल तर दोन पावसाळ्यांत वर येईल. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘पैसा असला की माणूस बापाच्या गाडीचीही ओळख पुसून टाकतो.’

आधी चूक. ती माझीच. लेखात मी २४९८ सीसी लिहिलं. ते एमएम ५५० मधलं एक्सडी३पी इंजिन. आमच्या गाडीत एक्सडीपी ४.९० आहे, २११२ सीसीचं. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. दोन्ही प्यूजोचीच, लिहिताना घोटाळा झाला. लेखात दुरुस्ती केली आहे. आपली नजर बारीक आहे, त्याबद्दल आभार.

आता ते शेवटचं वाक्य.

आपण माझ्या वडिलांना ओळखत नाही. गाडी १९८९ची. बाबा तेव्हा गोव्यात धारबांदोड्याच्या बाजूला एका खाणीवर ड्रायव्हर होते आणि हीच जीप चालवत होते, तिच्या पहिल्या दिवसापासून. सर्वेक्षणवाल्यांना घेऊन डोंगरावर चढायचं, तांबड्या चिखलात रुतलेले टिपर ओढायचे, पावसाळ्यात ओहोळातून पलीकडे जायचं. १९९७ला कंपनीने जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा माझ्या काकांकडून उसने पैसे घेऊन बाबांनी ती घेतली. मी तेव्हा सातवीत होतो. ती घरी आली त्या संध्याकाळी आजीने चाकांखाली नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी बाबा तिच्यातून सुपारीची पोती घेऊन फोंड्याला बागायतदार संस्थेच्या दुकानात गेले. त्यानंतर पंधरा वर्षं कुळागराचं, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेचं, सगळं ओझं तिने वाहिलं. नारळ, सुपारी, शेणखत, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीची फळं-पानं, आणि एकदा रात्री दोन वाजता माझी आई, बांबोळीच्या इस्पितळापर्यंत.

२०१२ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. तो काळ ज्यांनी फोंडा, सांगे, डिचोली भागात काढला त्यांना मी वेगळं सांगायला नको. बाबांचा पगार थांबला. पुढच्या वर्षी जीपचं हेड गॅस्केट गेलं. दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत लावली, आणि २०१४ला नोंदणीची मुदत संपली तरी ती तिथेच होती. एवढं लिहिल्यावर ‘पैसा असला की’ हे तीन शब्द मी परत वाचतो आणि मला कळत नाही की आपण हे कोणाला उद्देशून लिहिलंत. २०२१ला मी काम सुरू केलं आणि ते तीन वर्षं चाललं. तीन वर्षं का लागली? कारण पहिल्या वर्षीच्या पैशात चासी आणि बॉडी झाली, दुसऱ्या वर्षीच्या सुपारीवर इंजिन उघडलं, तिसऱ्या वर्षी पेटी घेतली. पैसा असता तर सहा महिन्यांत झालं असतं. कोणाच्या घरात किती पैसा आहे याचा हिशेब पेडण्यात बसून मांडायचा आणि त्यावर बापाचं नाव घ्यायचं, ही कसली रीत?

आणि ओळख पुसली म्हणजे नेमकं काय केलं? तिचं इंजिन तिचंच आहे. मी सहज दुसरं टाकू शकलो असतो. तीन जणांनी मला तेच सांगितलं, बोलेरोचं डीआय इंजिन टाक आणि मोकळा हो. मी ऐकलं नाही. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या टाकल्या, क्रँक ग्राइंड करून घेतला, हेड फेसिंग केलं, डिझेलचा पंप कॅलिब्रेट केला, चारही नोझल बदलले. हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन, हीटर प्लग तापल्याशिवाय सकाळी उठत नाही. आजही चावी अर्ध्यावर ठेवून थांबावं लागतं आणि बाबांना ते थांबणं आवडतं. त्या इंजिनचा आवाज ऐकून शेजारचे ‘गाडी परत आली’ म्हणाले. गाडी दिसायच्या आधी म्हणाले.

पाच गिअरची पेटी बसवली, हे खरं. मूळ पेटीचा चौथा गिअर थेट, इंजिन जेवढं फिरेल तेवढाच चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट फिरणार. फोंडा ते पणजी हमरस्त्यावर मागे बस हॉर्न देत असताना बासष्ट अश्वशक्तीचं जुनं इंजिन सतत चढ्या आवाजात पळवायचं, म्हणजे नव्या लायनरांचं आयुष्य आपल्या हाताने कमी करायचं. पाचव्या गिअरला इंजिन शांत होतं. आणि पेटी कुठली? बीए-१०, महिंद्राच्याच पुढच्या गाड्यांत आलेली आणि तीही प्यूजोचीच. प्यूजोच्या इंजिनला प्यूजोची पेटी लावली तर कोणाची ओळख पुसली?

‘मूळ’ हा शब्द आपण फार सोपा समजता. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी विलिज जीप जोडायला घेतली ती पेट्रोलवर. मग डिझेल हवं झालं तर इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरचं इंजिन आलं. मग प्यूजोचं आलं. गिअर तीनाचे चार झाले. म्हणजे कारखान्यात बदल झाला तर तो इतिहास आणि फोंड्याच्या गॅरेजात झाला तर ते पाप? ही जीप जगली तीच मुळी बदलत बदलत. सह्याद्रीच्या पायथ्याची, कोकणपट्टीतली एकही कामाची जीप दाखवा जिला कोणी हात लावला नाही. काचेच्या मागे ठेवलेली दाखवू नका, ओझं वाहणारी दाखवा.

डिस्क ब्रेक का बसवले तेही सांगतो. ही गोष्ट मी लेखात मुद्दाम लिहिली नव्हती, कारण बाबांना ती आठवलेली आवडत नाही. २००४चा जुलै. बाबा आणि मी वळवईच्या फेरीधक्क्याकडे निघालो होतो. त्याआधी कुळागराखालचा ओहोळ ओलांडला होता, पाणी हबच्या वर होतं. ड्रममध्ये पाणी आणि गाळ शिरला की ब्रेक शू ओल्या साबणासारखा घसरतो, हे जीप चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पाणी ओलांडल्यावर पेडल हलकं दाबून ड्रम सुकवायचे असतात, तेही बाबांना माहीत होतं. पण पाऊस एवढा होता की सुकायला वेळच मिळाला नाही. उताराला पेडल दाबलं तर गाडी थांबेना. समोर रस्ता संपत होता आणि पुढे मांडवी. बाबांनी गिअर पाडला आणि गाडी सरळ डाव्या बाजूच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, घातली. बंपर वाकला, माझ्या कपाळाला तीन टाके पडले. बाबा त्या दिवशी घरी जेवले नाहीत.

तर, डिस्क उघडी असते, चाक दोन फेरे फिरलं की पाणी झटकलं जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात, ओहोळ ओलांडणाऱ्या गाडीला पुढे डिस्क बसवायला मला कोणाची परवानगी घ्यायची नव्हती. आपली तर नाहीच.

मास्टर सिलिंडरचं म्हणाल तर ज्या मेस्ताने (मेकॅनिकने) काम केलं त्याने आयुष्य जीपांत घालवलं आहे. गाडी उताराला सरळ थांबते, कुठल्याही बाजूला ओढत नाही. मला तेवढं पुरे आहे. आरसीबद्दलही तेच. चासी नंबर तोच, इंजिन नंबर तोच, बॉडीचं माप तेच. गाडी अधिकाऱ्यांसमोर उभी केली, तपासून घेतली, पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळाली. गाडीतल्या बदलांबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा धाक मला घालू नका.

गंजाचं वाक्य मात्र मला लागलं, कारण त्यासाठी आम्ही अख्खं पहिलं वर्ष घालवलं. टब, म्हणजे बॉडीचा पत्र्याचा सांगाडा, चासीवरून उतरवला तेव्हा बॉडीखालच्या चॅनेलांत खाणीची तांबडी माती घट्ट बसली होती, वीस-पंचवीस वर्षांची. तीच ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते, वरून रंग तसाच चकचकीत दिसतो. चॅनेल कापून नवे घातले, मागचं पॅनेल नवं केलं, चासी ब्लास्ट करून एपॉक्सी प्रायमर मारला. स्टिअरिंग बॉक्सजवळ चासीला बोटभर तडा सापडला, तो वेल्ड करून आतून पट्टी मारली. हे सगळं लेखात फोटोंसकट आहे. आपण फोटो पाहिले नाहीत. पाहिले असते तर ‘रंगाखाली झाकला असेल’ असं लिहिलं नसतं.

राहता राहिलं पॉवर स्टिअरिंग. आपण त्याला ‘शहरी चोचले’ म्हटलं आहे. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात डोक्याच्या वर जात नाही. जुन्या स्टिअरिंगवर उभ्या गाडीत चाकं वळवायला दोन्ही हातांनी अंग टाकावं लागायचं, आणि कुळागराच्या वाटेवर तीन वळणं अशी आहेत की गाडी मागे घेऊन परत वळवावी लागते. गाडी जशी होती तशी करून दिली असती तर बाबांनी तिच्याकडे पडवीतून बघायचं. तुम्हाला ते चाललं असतं. तुमच्या हिशेबात गाडीची ओळख शाबूत राहिली असती.

पहिल्यांदा ते बसले तेव्हा मी बाजूच्या सीटवर होतो. हीटर लावला, थांबले, चावी फिरवली. फाटकाबाहेर उजवीकडे वळण आहे. त्यांनी सवयीने दोन्ही हातांनी जोर लावला आणि गाडी जास्तच वळली. मग डावा हात काढून मांडीवर ठेवला, एका हाताने सरळ केली, आणि वळवईपर्यंत काही बोलले नाहीत.

तुम्ही फोंड्याकडे आलात तर घरी या. गाडी बघा, खाली झोपून बघा, चॅनेलात बोट घालून बघा, मास्टर सिलिंडरही बघा. बाबा चहा देतील आणि गाडीची चावी तुमच्या हातात ठेवतील, त्यांचा स्वभाव तसा आहे. त्यांना मी तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवलेली नाही. ते शेवटचं वाक्य तुम्हीही त्यांच्यासमोर बोलू नका.