‘ऑडिटवाले रुग्णालय टाळा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

‘जिथे हृदयरोग्यांचे क्लिनिकल ऑडिट चालते, त्या रुग्णालयात जाऊ नका’, असे बजावणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. गिरगावात राहणाऱ्या माझ्या मामांनी तो मला पाठवला आणि ‘हे खरे का?’ असे विचारले. मामा सत्तरीचे आहेत, त्यांना मधुमेह आहे. म्हणून याचे उत्तर देणे भाग आहे.

ऑडिट हा बिले फुगवण्याचा मार्ग आहे, हा पहिला दावा निराधार आहे. मान्य निकष घ्यायचा, केसपेपर काढून प्रत्यक्ष उपचार त्या निकषाशी ताडून पाहायचे, उणीव दूर करायची आणि काही काळाने पुन्हा मोजायचे, एवढेच त्यात असते.

दुसरा दावा मात्र जीवघेणा आहे. ‘९० मिनिटांच्या नियमामुळे डॉक्टर घाईने अँजिओप्लास्टी उरकतात, तेव्हा घरी थांबा आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या’, असे संदेश सांगतो. आधीपासून ठरवून करायच्या अँजिओप्लास्टीपूर्वी दुसरे मत घेणे योग्यच आहे, पण रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून झटका आलेला असताना हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. ही ९० मिनिटे रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून फुग्याने वाहिनी उघडेपर्यंतची आहेत, आणि ऑडिटने त्यातली वाट पाहण्याची वेळ कमी केली, प्रत्यक्ष अँजिओप्लास्टीची नव्हे. अमेरिकेत २००५ साली हा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना जास्त वेळ) ९६ मिनिटे होता, तो २०१० मध्ये ६४ मिनिटांवर आला. ९० मिनिटांच्या आत उपचार मिळालेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. तातडीच्या विभागातील डॉक्टरांनीच एका फोनवर कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) सज्ज करावी, चमूने वीस-तीस मिनिटांत पोहोचावे आणि प्रत्येक रुग्णाला लागलेला वेळ लगेच कर्मचाऱ्यांना कळवावा, अशा साध्या बदलांवर तिथे भर दिला गेला. आपल्याकडे उशीर मुळात घरीच होतो: भारतातील ८९ केंद्रांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या हृदयरुग्णांच्या नोंदणीत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता. अशा देशात ‘घरी थांबा’ हा सल्ला पसरवणाऱ्याने काय केले आहे, याचा त्याने स्वतः विचार करावा.

आकडे चांगले दिसावेत म्हणून गंभीर रुग्ण नाकारले जातात, या तिसऱ्या दाव्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. न्यू यॉर्क राज्याने १९८९ पासून बायपासच्या मृत्यूंची नोंद ठेवून पुढे ती जाहीर केली, तेव्हा ही शंका तिथल्या डॉक्टरांनीही घेतली होती. म्हणूनच रुग्णाचे वय, मूत्रपिंडाची अवस्था, हृदयाची ताकद असे धोके हिशेबात धरून आकडे काढले जातात. शिवाय बहुतेक अंतर्गत ऑडिट जाहीर होतच नाहीत.

‘भारतात याचा उपयोग नाही’ हा शेवटचा दावा केरळच्या एका अभ्यासावर उभा आहे. तो अभ्यास खरा आहे: ६३ रुग्णालये, २१,३७४ रुग्ण, २०१८ मध्ये प्रसिद्ध. मासिक ऑडिट अहवाल आणि तपासणी-याद्या दिल्यानंतर तीस दिवसांतील मृत्यू व गंभीर घटनांचे प्रमाण ६.४ वरून ५.३ टक्के दिसले, पण इतर घटक जमेस धरल्यावर हा फरक लक्षणीय ठरला नाही. यावरून इतकेच म्हणता येते की अहवाल व याद्या देऊन निकाल आपोआप सुधारत नाहीत. त्या अभ्यासात ऑडिटमुळे रुग्णांचे नुकसान झाल्याचे कुठेही आढळलेले नाही.