‘स्वतःची एकही खोली नाही’: एका खऱ्या वाक्यामागे लपलेल्या पाच खोट्या गोष्टी

गेली काही वर्षं एक मजकूर फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेल-बुकिंग कंपनीकडे स्वतःची एकही खोली नाही. एका तरुणाला कल्पना सुचली, त्याने वेबसाइट काढली, मधले दलाल संपवले, गिऱ्हाइकाला सगळ्यात स्वस्त दर दिला आणि आता कंपनी घरबसल्या कमिशन कमावते. भांडवल नको, माणसं नकोत, फक्त डोकं हवं. रोख बुकिंग डॉट कॉमकडे असतो. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या मुलांना उमेद यावी म्हणून लोक हा मजकूर मोठ्या विश्वासाने पुढे पाठवतात.

मी बरीच वर्षं छोट्या हॉटेलांमध्ये रिझर्व्हेशनचं काम केलंय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. खोली नाही हे खरंच आहे. बाकीचं एकेक घेते.

‘एका कल्पनेतून कंपनी उभी राहिली’

आधी साल बघा. गीर्ट-यान ब्रुइन्स्मा यांनी नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरात ही साइट सुरू केली १९९६ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने एक्सपीडिया आणि विमान-तिकिटांची आरक्षण-यंत्रणा चालवणाऱ्या सेबरने ट्रॅव्हलोसिटी आणली. म्हणजे इंटरनेटवरून प्रवासाचं आरक्षण करायची कल्पना एकाच वर्षी निदान तिघांकडे होती, आणि त्यातल्या दोघांच्या पाठीशी भक्कम पैसा होता. ट्रॅव्हलोसिटी पुढे २०१५ मध्ये एक्सपीडियाने विकत घेतली. कल्पना तिच्याकडेही होतीच की.

फरक पडला तो पैसे कोणी आणि कधी घ्यायचे, या अगदी रुक्ष वाटणाऱ्या गोष्टीमुळे. एक्सपीडियासारख्या कंपन्यांचा भर ज्या पद्धतीवर होता तिच्यात कंपनी हॉटेलशी कमी दर ठरवते, पाहुण्याकडून पूर्ण पैसे आधीच घेते आणि हॉटेलचा वाटा नंतर पोचता करते. मोठ्या साखळी हॉटेलांना हे झेपतं. युरोपात मात्र एकेका कुटुंबाने चालवलेली, वीस-तीस खोल्यांची हॉटेलं भरपूर. त्यांच्यासाठी डच कंपनीने उलटी पद्धत ठेवली. पाहुणा येईल, हॉटेलच्याच काउंटरवर पैसे देईल, आणि हॉटेल नंतर कमिशनचं बिल भरेल.

काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. पैसे आधी आपल्या गल्ल्यात येतात, मग आपण कमिशन देतो. पाहुणा आलाच नाही तर त्या आरक्षणावर तशी खूण करायची, आणि आपण त्याच्याकडून काही घेतलं नसेल तर कमिशन माफ होतं. सही करताना मालकाला धास्ती वाटत नाही. पाहुण्यालाही आगाऊ पैसे भरायचे नाहीत, बेत बदलला तर रद्द करता येतं. या सोयीने हॉटेलं एकेक करून जोडली गेली. एकेक म्हणजे अक्षरशः एकेक: फोन, करार, खोल्यांचे फोटो, दरपत्रक, आणि मालकाला बुकिंगचा पडदा कसा वापरायचा ते शिकवणं. मी कामाला लागले तेव्हा अजून काही ठिकाणांहून आरक्षण फॅक्सने यायचं. कागद निघाला की नाव मोठ्या वहीत पेन्सिलने लिहायचं, कारण ते खोडावं लागण्याची शक्यता असायची. हे काम कल्पना सुचण्यासारखं नसतं, ते रोज करावं लागतं.

वाढीतला दुसरा मोठा हात अमेरिकन प्राइसलाइनचा. तिचीच गोष्ट खरं तर ‘फक्त कल्पना’ या दाव्याला सगळ्यात चोख उत्तर आहे. तिचे संस्थापक जे वॉकर यांची कल्पना भन्नाट होती: गिऱ्हाइकाने आपला भाव सांगायचा, विमान कंपनीला किंवा हॉटेलला परवडला तर सौदा पक्का. मार्च १९९९ मध्ये १६ डॉलरला बाजारात आलेला शेअर पहिल्याच दिवशी ६९ डॉलरवर बंद झाला. याच कल्पनेने किराणा आणि पेट्रोल विकायचा प्रयत्नही झाला, तो २००० मध्ये गुंडाळावा लागला. त्या वर्षाच्या अखेरीस शेअर दोन डॉलरच्याही खाली होता. ही कंपनी वाचली आणि वाढली ती तिने युरोपातल्या दोन कंपन्या विकत घेतल्या म्हणून. २००४ मध्ये ब्रिटनची ॲक्टिव्ह हॉटेल्स सुमारे १६.१ कोटी डॉलरला, आणि २००५ मध्ये ब्रुइन्स्मा यांनी सुरू केलेली डच बुकिंग्ज सुमारे १३.३ कोटी डॉलरला. दोन्ही जोडून आजची बुकिंग डॉट कॉम झाली. २००७ मध्ये हॉटेल-बुकिंगची अगोडा घेतली, २०१३ मध्ये प्रवासाचे दर शोधून देणारी कयाक, २०१४ मध्ये रेस्टॉरंटमधलं टेबल राखून देणारी ओपनटेबल. २०१८ मध्ये तर प्राइसलाइन या मूळ कंपनीने स्वतःचं नाव टाकून बुकिंग होल्डिंग्ज हे नाव घेतलं. भन्नाट कल्पनेचं नाव गेलं, चिकाटीने हॉटेलं जोडणाऱ्या कंपनीचं उरलं.

‘भांडवल नको, माणसं नकोत’

२०२३ चे या समूहाचे आकडे घ्या. उत्पन्न सुमारे २१.४ अब्ज डॉलर. त्यातले सुमारे ६.८ अब्ज एकट्या जाहिरात आणि मार्केटिंगवर गेले, म्हणजे मिळालेल्या दर तीन डॉलरपैकी जवळजवळ एक. निव्वळ नफा ४.३ अब्जांच्या आसपास होता. नफ्यापेक्षा जाहिरातीचा खर्च मोठा! या पैशाचा मोठा भाग गूगलसारख्या सर्च कंपन्यांकडे जातो. तुम्ही एखाद्या शहराचं नाव आणि ‘हॉटेल’ टाइप करता तेव्हा वर दिसणाऱ्या जागेचा लिलाव लागलेला असतो, आणि तिथे बोली लावायला खिसा खोल लागतो. खोलीवर भांडवल घातलं नाही म्हणून भांडवलच घातलं नाही असं होत नाही. ते विटा-सिमेंटऐवजी तुमच्या पडद्यावरच्या त्या पहिल्या चार ओळींत घातलेलं असतं.

माणसांचं म्हणाल तर समूहात वीस हजारांहून जास्त लोक काम करतात. चाळीसहून अधिक भाषांमधून साइट चालते, आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारी माणसं लागतात. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा उत्पन्न वर्षभरात १५ अब्जांवरून ६.८ अब्जांवर आलं, आणि बुकिंग डॉट कॉमने सुमारे पाव कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं. माणसंच नव्हती, तर मग तेव्हा घरी कोण गेलं?

‘मधले दलाल संपवले’

यावर फार बोलायला नको. जी कंपनी हॉटेल आणि पाहुणा यांच्यामध्ये बसून कमिशन घेते ती मध्यस्थच आहे, आणि तिच्या अलीकडे सर्च कंपनी हा आणखी एक मध्यस्थ उभा राहिला आहे. जुन्या ट्रॅव्हल एजंटांना पहिला मोठा फटका अमेरिकेत विमान कंपन्यांनी दिला. डेल्टाने १९९५ मध्ये देशांतर्गत परतीच्या तिकिटावर एजंटाचं कमिशन ५० डॉलरला बांधलं आणि २००२ मध्ये ते मूळ कमिशनच बंद केलं. इतरही त्याच वाटेने गेल्या. वेबसाइट हे त्याचं एक कारण होतं, एकमेव नव्हे.

‘गिऱ्हाइकाला सगळ्यात स्वस्त दर दिला’

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण इथे फसगत वाचकाची होते.

हॉटेल सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपास कमिशन देतं. यादीत वर दिसायचं असेल तर जास्त. शंभराच्या खोलीवर पंधरा द्यायचे असतील तर थेट फोन करणाऱ्या पाहुण्याला ती नव्वदला द्यायला हॉटेलला आनंदच वाटेल, दोघांचाही फायदा. मग हॉटेलं तसं का करत नव्हती? कारण करारात दर-समानतेचं कलम होतं. त्याच्या कडक रूपात हॉटेलने इतर कुठल्याही साइटवर किंवा स्वतःकडेही याहून कमी दर द्यायचा नाही. सौम्य रूपात इतर साइट चालतील, पण स्वतःच्या वेबसाइटवर कमी दर लावायचा नाही. म्हणजे ‘सगळ्यात स्वस्त इथेच’ हे वाक्य बऱ्याच अंशी यामुळे खरं होतं की दुसरीकडे स्वस्त देण्याची मुभाच नव्हती.

मी स्वतः अशा फोनवर बोललेय. जुनी पाहुणी, चौथ्यांदा येणारी, विचारते, ‘थेट तुमच्याकडे केलं तर काही कमी?’ समोर वहीत खोली मोकळी दिसतेय, मालकाची इच्छाही आहे, आणि मला लेखी दर तोच सांगावा लागतोय. मग नाश्ता आमच्याकडून, किंवा दुपारी उशिरापर्यंत खोली ठेवा, असं काहीतरी तोंडी सांगायचं. प्रामाणिक माणसाला आपल्याच खोलीचा भाव दबक्या आवाजात सांगायला लावणारं कलम होतं ते.

हे माझं एकटीचं मत नाही. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २०१३ मध्ये एचआरएस या साइटला आणि २०१५ मध्ये बुकिंग डॉट कॉमला ही कलमं वापरायला मनाई केली. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ही मनाई कायम ठेवली. फ्रान्सने २०१५ मध्ये कायदाच केला. ऑस्ट्रिया, इटली, बेल्जियम मागोमाग आले. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की अशी साइट चालवण्यासाठी ही कलमं अपरिहार्य आहेत असं सर्वसाधारणपणे मानता येणार नाही. त्याआधीच, मे २०२४ मध्ये, युरोपीय आयोगाने डिजिटल बाजाराच्या कायद्याखाली बुकिंगला ‘द्वारपाल’, म्हणजे बाजाराची वाट जिच्या हातात आहे अशी बडी कंपनी, ठरवलं होतं, आणि त्या कायद्यात अशा कलमांना जागाच नाही. जुलै २०२४ मध्ये स्पेनने हॉटेलांवर अन्यायकारक अटी लादल्याबद्दल ४१.३ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कंपनीने तो अमान्य करून दाद मागितली.

ब्रिटनची गोष्टही यातच येते. २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने बुकिंग, एक्सपीडिया, अगोडा यांच्यासह सहा साइटकडून हमी घेतली: ‘आता एकच खोली उरली’ अशी घाई लावून दिशाभूल करायची नाही, यादीतल्या क्रमावर कमिशनचा परिणाम होत असेल तर तसं सांगायचं, सक्तीचे आकार लपवायचे नाहीत. पहिलं नाव म्हणजे सगळ्यात चांगला सौदा असं समजून आपण बोट टेकवतो, म्हणून हे इतकं लांबवून सांगतेय.

या साइटनी छोट्या हॉटेलांना काही दिलंच नाही असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. ज्या भाषेतला एक शब्द आम्हाला येत नव्हता त्या भाषेत आमच्या खोल्यांची माहिती गेली. खरोखर राहून गेलेल्या माणसांचेच अभिप्राय घ्यायचे, हा नियम मोलाचा आहे. ज्या हंगामात वही कोरी राहायची तिथे नावं दिसू लागली. म्हणूनच मालक कमिशन देतात, आणि बरेच जण आजही खुशीने देतात.

‘आता घरबसल्या कमाई’

घरबसल्या कोणाची? शेवटची खोली एकाच मिनिटात दोन साइटवर विकली गेली, असं माझ्या कामात एकदा नव्हे, बऱ्याचदा झालं. एका रात्री पावणेबाराला एक गृहस्थ आरक्षणाचा कागद घेऊन काउंटरवर उभे राहिले. मागे बाकावर बॅगेला टेकून त्यांची मुलगी झोपलेली. कागद खरा, नाव खरं, खोलीत मात्र तासाभरापूर्वी आलेले दुसरे पाहुणे. साइटच्या मदत-क्रमांकावर संगीत वाजत होतं. फोन कानाला तसाच धरून मी दुसऱ्या हाताने आसपासच्या हॉटेलांना फोन लावत सुटले. चौथ्या ठिकाणी खोली मिळाली, आमच्यापेक्षा महाग. करारानुसार वरचा फरक हॉटेलने भरायचा होता, टॅक्सीही आम्हीच करून दिली. मुलीला उठवताना ते माझ्यावर चिडले नाहीत, फक्त म्हणाले, ‘अहो, तिथे तर पक्कं झालं असं लिहिलं होतं.’

ते गेल्यावर मी पडदा उघडून त्या आरक्षणाचं कमिशन रद्द करायची विनंती टाकली आणि पुढच्या सात रात्रींसाठी एकेक खोली विक्रीतून हातानेच कमी करून ठेवली.