झाकण काढायचं नाही

जपानी घरगुती स्वयंपाक सोपा असतो असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. वाटण नाही, घाटण नाही, खोबरं भाजणं नाही, कांदा लालसर होईपर्यंत त्याच्यावर पहारा देणं नाही. मिसो सूपचंच घ्या. पाणी, कोम्बू नावाच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाची एक पट्टी, मूठभर कात्सुओबुशी (सुकवून धुरी दिलेल्या माशाचे कागदाहून पातळ काप) आणि दोन-तीन चमचे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण). एवढ्यात भागतं. तरीही टोकियोतल्या निशिकासाई या भारतीयांच्या वस्तीत, आमच्या दोन बर्नरच्या शेगडीपुढे, मी घाम पुसत उभा असतो. कारण या पदार्थांत काय करायचं ते दोन ओळींत संपतं. उरलेली सगळी कृती म्हणजे काय काय करायचं नाही याच्या ताकिदी.

कोम्बूवर पांढरी भुकटी असते. ती धुवायची नाही, चव जाते म्हणे. फार तर ओल्या फडक्याने हलकेच पुसायचं. दुकानातून आलेली वस्तू न धुता थेट पातेल्यात टाकायची म्हटल्यावर माझा हात आपोआप नळाकडे जातो. पुढे, पाणी उकळायच्या बेतात आलं की पट्टी काढून घ्यायची. तिला उकळू द्यायचं नाही. मग कात्सुओबुशी घालायची आणि गॅस बंद. ढवळायचं नाही. गाळताना पिळायचं नाही, पाणी गढूळ होतं. खवलेल्या नारळाचं तिसरं दूध काढल्यावरही चोथ्याकडे संशयाने बघणाऱ्या घराण्यात मी वाढलो. गाळणीतले ते टम्म भिजलेले काप तसेच सोडून देताना जिवावर येतं. शेवटी मिसो, तोही आच बंद करून, पळीत थोडा थोडा कालवून. एकदा तो पडला की उकळी आणायची नाही, वास उडतो. आमच्याकडे उकळी न आलेल्या आमटीला कोणी पान वाढत नाही.

हे सगळं उगाच नाही, हेही कबूल. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये याच कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट, म्हणजे त्याच्या चवीचं मूळ द्रव्य, वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून बाजारात आलं. आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर कढईत चिमटीने पडतं ते हेच. गाडीवाला मात्र आच कमी करण्याच्या वगैरे भानगडीत पडत नाही, आणि खरं सांगायचं तर मला मनातून त्याचाच हेवा वाटतो.

भाताची गोष्ट आणखी कठीण. इथे भात शिजवण्याचं एक जुनं तालबद्ध वचन आहे. आधी मंद आच, मग भडका, आणि मूल रडलं तरी झाकण काढू नका! शेजारच्या आजींनी मला ते हातवारे करून म्हणून दाखवलं. गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं तसंच ठेवायचं. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या माणसाने शीतच काढायचं नाही, तर परीक्षा घ्यायची कशी? विजेच्या कुकरची तऱ्हा तीच. शिट्टी नाही, धमकी नाही. आत काय चाललंय कळत नाही आणि शेवटी एक छोटीशी धून वाजते.

अशात पुण्याहून आई आली. शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. "तुमच्याकडचं साधंसं काहीतरी कर रे," म्हणाली. साधंसं! या देशात दिसायला निरागस अशा पालकाच्या भाजीतही मासा पोहत येतो. बाजारच्या करीच्या वड्यांच्या खोक्यावर बटाटा-गाजराचं चित्र असतं आणि मागे बारीक अक्षरांत बऱ्याचदा गाईडुकरांची चरबी. (त्या खोक्यावरही सूचना आहेच: वड्या घालण्याआधी गॅस बंद करा.) म्हणून मी देवळांतल्या भिक्षूंच्या वाटेने गेलो. सुके शिताके मशरूम आणि कोम्बू रात्रभर गार पाण्यात भिजवले, सकाळी त्या पाण्याचं सूप केलं, टोफूचे तुकडे सोडले.

आईने एक घोट घेतला. बराच वेळ काही बोलली नाही.

"आजारी माणसाला चांगलं आहे," ती म्हणाली. "तुझी तब्येत बरी आहे ना?"

मी वळेपर्यंत कढल्यात तेल तापलं होतं. निशिकासाईत हिंगसुद्धा मिळतो, हा या गावाचा गुण की दोष ते त्या क्षणी ठरवता येईना. चर्र झालं. सूपवर मोहरीचे दाणे तरंगले आणि वर छान उकळीही आली. वास उडाला असेल, पण त्याच्या जागी आलेल्या वासाने बायको आतल्या खोलीतून उठून आली. तिने दोन वाट्या प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी ओकोनोमियाकी. अंड्याऐवजी नागाइमो नावाचा चिकट कंद किसून घातला. माझ्या हातांना खाज सुटली तर इथले लोक सांगतात तसं व्हिनेगर शोधायच्या आधी आईने सोबत आणलेली आमसुलं पुढे केली. सुरण चिरलेल्या हातांना असलं काही नवीन नसतं. कणीदार चिरलेला कोबी, मैदा, आलं. तव्यावर पडलेलं बघून ती म्हणाली, "अरे, हे कोबीचं धिरडं." एवढं बोलून तिने माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"आई, दाबायचं नाही हं. आतली हवा जाते, गच्च होतं."

"मग उलथनं कशाला दिलंय?"

आणि तिने दाबलं. चारी बाजूंनी, मन लावून. कडा कुरकुरीत झाल्या, वर लसणाची चटणी पडली, आणि मी तोंड मिटून दोन खाल्ली. दाबायचं नाही म्हणतात ते ओसाकाच्या पद्धतीत. हिरोशिमाला थर लावून करतात, आणि तिथले बरेच कारागीर शेवटी उलथन्याने चांगलं दाबतात. हे मी रात्री आईला सांगायला नको होतं. ती सध्या हिरोशिमाच्या गाडीची वेळ विचारतेय, आणि तिकडे जायचं तर आपलं उलथनं बरोबर न्यावं की तिथे मिळेल, हेही.