खुलासा: ड्रॅग रेसमधला धोका फक्त टकरीचा नाही

म्हापशातल्या गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर ड्रॅग रेसबद्दल (म्हणजे सरळ पट्ट्यावरची थोड्या अंतराची वेगाची शर्यत) एक मेसेज फिरतोय: 'ड्रॅग रेसची गाडी सरळच धावते, आदळली नाही तर चालकाला काही होत नाही.' हे चूक आहे. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियात ड्रॅग रेसचे चालक डॉन गार्लिट्स यांची गाडी सुरुवातीच्या रेषेवरून सुटतानाच तिचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. टक्कर कुणाशीच नव्हती! तेव्हा इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स चालकाच्या पायांमध्ये असायचा. पुढच्याच वर्षी त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी शर्यतीत उतरवली. आज अशा शर्यतीच्या गाड्यांत क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनला जोडलेली जड फिरती चकती) यांच्याभोवती जाड धातूचं कवच असतं, ते फुटलेले तुकडे चालकापर्यंत पोचू नयेत म्हणून. आपल्याकडे ताकद वाढवून घेतलेल्या गाड्यांत ते बसवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.